वडाचा पंचनामा

अंबडच्या औद्योगिक वसाहतीत ज्याची हयात गेली, त्या मनुष्याला जगातील कोणतीही वस्तू नुसती पाहता येत नाही. ती मोजावी, तपासावी, तिची नोंदवहीत नोंद करावी, आणि एवढे करूनही ती शाबूत राहिलीच तर तिच्यात एखादी सुधारणा सुचवावी, अशी एक अनिवार ऊर्मी त्याच्या अंतःकरणात निवृत्तीनंतरही तिन्ही पाळ्यांत जागी असते. आमच्या प्रभातफेरी मंडळाचे सभासद रोज पहाटे पांडवलेण्यांच्या पायथ्याशी जमतात खरे; परंतु डोंगर चढण्यापेक्षा, दोन हजार वर्षांपूर्वी ज्या कारागिरांनी त्रिरश्मी पर्वताच्या पोटात चोवीस लेणी कोरली त्यांच्याकडे तपासणी खाते नसावे, कारण खांबांचे व्यास परस्परांशी काटेकोर जुळत नाहीत, या विषयावर तळाशी उभे राहून चर्चा करण्यातच त्यांचा बराचसा व्यायाम होतो.

आमच्याकडे माणसांना नावे नसतात, खाती असतात. तीस-पस्तीस वर्षे ज्या खात्यात काढली ते खाते निवृत्तीच्या दिवशी नारळ आणि शाल यांच्यासोबत घरी येते व मग ते जन्माचे आडनाव होऊन बसते. त्यामुळे मंडळात क्वालिटीवाले आहेत, स्टोअरवाले आहेत, टाइम ऑफिसवाले, मेंटेनन्सवाले, युनियनवाले आहेत. आणि लेखा विभागात उभ्या आयुष्याची जमा-नावे लिहिली म्हणून मी हिशेबवाला, व त्याच अपराधाबद्दल मंडळाचा तहहयात खजिनदार. एकच गृहस्थ या खातेवाटपातून सुटले आहेत. ते माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवीत असत. त्यांना सर्व जण आदराने ‘सर’ म्हणतात, आणि ते बोलू लागले की तितक्याच आदराने स्वतः बोलू लागतात.

वृक्षदर्शनाची कल्पना याच सरांची. आमच्या शेजारच्या उंटवाडीत उड्डाणपुलाच्या मार्गात सुमारे दोनशे वर्षांचा एक वड आला, त्यावर गहजब झाला, आणि २०२२ साली प्रकरण राज्याच्या तत्कालीन पर्यावरणमंत्र्यांपर्यंत जाऊन वड वाचवावा असे ठरले, तेव्हापासून मंडळात वृक्ष हा विषय अधूनमधून निघत असे. मंडळाचे धोरण या बाबतीत अत्यंत समतोल होते : पूलही हवा आणि वडही हवा, आणि दोन्ही आपल्या घरापासून दूर हवेत. एके दिवशी सर म्हणाले, “एवढं वडावर बोलता, तर खरा वड बघून या की. संगमनेर तालुक्यात पेमगिरीला एक आहे. साडेतीन एकरांवर पसरलाय म्हणतात. झाड एकच, पण आत शिरलात की अरण्य.”

क्षणभर शांतता पसरली. मग स्टोअरवाल्यांनी विचारले, “साडेतीन एकर म्हणजे गुंठे किती?”

येथून पुढे प्रवासाची जी तयारी झाली तिचा तपशील देण्यात अर्थ नाही; एवढेच सांगतो की एका झाडाकडे जाण्यासाठी सूचक, अनुमोदक, उपसमिती आणि दोन तहकूब सभा लागल्या. अध्यक्षांचा मूलभूत आक्षेप असा होता की झाडेच पाहायची तर वसाहतीत ती काय थोडी आहेत? आहेत, हे मलाही मान्य करावे लागले. आमच्या रस्त्यांवर गुलमोहर आहेत, सुबाभळी आहेत, पर्जन्यवृक्ष आहेत; प्रत्येकाभोवती कुठल्याशा उदार कारखान्याचे नाव रंगवलेला लोखंडी पिंजरा आहे; आणि ते नाव इतके ठळक व झाड इतके बेताचे असते की पिंजराच वाढीला लावला आहे असा परक्या माणसाचा समज व्हावा. काही झाडांनी पुढे वाढून तो पिंजरा खोडात अर्धाअधिक गिळलेला आहे. मला स्वतःला या झाडांपैकी गुलमोहर तेवढा ओळखता येतो, आणि तोही मे महिन्यात.

बायकांना न्यावे काय, हा प्रश्न अपेक्षेप्रमाणे चिघळला. आमच्या सौभाग्यवतींनी तो एका वाक्यात निकालात काढला. “जन्मभर वडाला दोरे आम्ही गुंडाळले, आणि बघायला तुम्ही जाणार होय?” हे इतके बिनतोड होते की मी मुकाट्याने गाडीत दोन जागा वाढवून घेतल्या. वास्तविक मी त्यांना विचारू शकलो असतो की दरवर्षी ज्येष्ठी पौर्णिमेला बाजारातून वडाची तोडलेली फांदी दहा-वीस रुपयांना आणून, तिची कुंडीत प्रतिष्ठापना करून, तिच्यापाशी नवऱ्याचे दीर्घायुष्य मागण्यात काही तार्किक अडचण आहे काय. परंतु त्या दीर्घायुष्याचा लाभार्थी मीच असल्यामुळे मी हा मुद्दा कामकाजातून वगळला.

मार्गशीर्षातल्या एका रविवारी पहाटे साडेपाचला निघायचे ठरले, म्हणजे साडेसातला निघालो. सिन्नरला पोहोचण्यापूर्वीच मंडळाला मिसळीची आठवण झाली. नाशिककर मनुष्य स्वर्गाच्या वाटेवरदेखील एकदा मिसळीला थांबेल, आणि रस्सा दुसऱ्यांदा मागवल्याशिवाय पुढे सरकणार नाही. तिथे एक प्रहर गेला. गाडी पुन्हा चालू झाल्यावर ज्यांना खिडकी हवी म्हणून कलागत झाली होती ते सर्व गाढ झोपले. सह्याद्रीची रांग निळसर दिसत होती, शेतांत कांद्याची रोपे लावणे चालू होते, सिन्नरच्या गोंदेश्वराच्या आठशे-नऊशे वर्षांच्या शिखराविषयी सर काही सांगत होते. कोणी डोळा उघडला नाही. पण माळेगावची औद्योगिक वसाहत आली मात्र, सर्वांना एकाच वेळी जाग आली. “हा शेड आमच्या व्हेंडरचा.” “इथं पाणी किती तास येतं हो?” “पावडर कोटिंग इथं स्वस्त पडतं.” पत्र्याची शेवटची शेड मागे पडेपर्यंत गाडीत विलक्षण चैतन्य होते.

याच काळात टाइम ऑफिसवाल्यांनी खिशातून एक घडी केलेला कागद काढून वृक्षांविषयीचा कायदा वाचून दाखविला. महाराष्ट्रात नागरी भागातील झाडांच्या संरक्षणाचा कायदा १९७५ सालचा. त्यात २०२१ साली दुरुस्ती होऊन पन्नास किंवा अधिक वर्षांचे झाड ‘वारसा वृक्ष’ ठरू लागले, आणि झाड तोडायचे झाल्यास त्याच्या वयाइतकी रोपे लावावी असे ठरले. ही तरतूद ऐकून मंडळात संमिश्र प्रतिक्रिया उमटली. पन्नाशी गाठताच झाडाला सरकार वारसा म्हणते, आणि आम्हाला पन्नाशीत स्वेच्छानिवृत्तीचा फॉर्म दिला होता, ही तुलना युनियनवाल्यांना फार लागली.

“पण मुद्दा असा,” टाइम ऑफिसवाले म्हणाले, “की वयाची रुजवात झाल्याखेरीज रोपांची मागणी नोंदवणार कशी? दोनशे वर्षांचं असेल तर दोनशे रोपं, पाचशेचं असेल तर पाचशे. जन्मतारखेचा पुरावा पाहिजे.”

“पण ते झाड तोडतंय कोण?” सर कळवळून म्हणाले.

“तो प्रश्न माझ्या खात्यातला नाही.”

पेमगिरी गावाच्या डोक्यावर एक गड आहे. सतराव्या शतकाच्या चौथ्या दशकात शहाजीराजांनी निजामशाहीच्या एका अल्पवयीन वारसास याच गडावर गादीवर बसविले आणि कारभार स्वतः हाती घेतला. सरांनी हा इतिहास सांगताच आमचे कार्यवाह अर्थपूर्ण हसले, कारण आमचे अध्यक्ष वयाने एक्याऐंशी असले तरी कारभाराची व्यवस्था तत्त्वतः तीच आहे. गड चढण्याचा प्रस्ताव मात्र गुडघ्यांच्या कारणास्तव एकमताने फेटाळला गेला, आणि आम्ही थेट वडाकडे गेलो.

पहिली निराशा अशी झाली की झाड कुठे आहे ते कळेना. लांबून एक हिरवी टेकडी दिसत होती. पाटी लावावी, कमान उभारावी, तिकिटाची खिडकी असावी, अशी काही सोय नव्हती. त्या टेकडीच्या कडेला वाकून आत शिरलो आणि उन्हाचा चटका एकाएकी थांबला. चहूकडे खोडेच खोडे. काही कवेत न मावणारी, काही मांडीएवढी, काही मनगटाएवढी. आडव्या फांद्या एका खोडावरून दुसऱ्यावर भार टाकीत दूरवर गेलेल्या. खाली वाळक्या पानांचा थर, आणि वर कुठेतरी असंख्य पाखरांचा गलबला. मला क्षणभर काही बोलावेसे वाटले नाही. तेवढ्यात मागून अध्यक्षांचा आवाज आला : “मेन खोड कुठंय?”

हा प्रश्न पुढे अर्धा तास गाजला. कारखान्यात गेलेल्या मनुष्याला मुख्य प्रवेशद्वार आणि हेड ऑफिस सापडल्याखेरीज आपण आलो असे वाटत नाही. जो तो एकेका खोडापाशी उभा राहून “हेच ते” असे जाहीर करू लागला. सरांनी समजावण्याचा यत्न केला की वडाच्या पारंब्या जमिनीला टेकल्या की मूळ धरतात, जाड होतात, त्यांचेच खांब बनतात, आणि पुढे मूळ खोड कोणते ते झाडालाही महत्त्वाचे राहत नाही. कोलकात्याजवळ शिवपूरच्या उद्यानातील प्रसिद्ध वडाचे मूळ खोड बुरशीने किडले म्हणून १९२५ सालीच कापून काढले, आणि ते झाड आपल्या हजारो पारंब्यांवर आजतागायत खुशाल पसरते आहे.

“म्हणजे मॅनेजमेंट गेलं तरी प्लँट चालू!” युनियनवाले आनंदाने ओरडले. त्यांना या वृक्षाची घटना तत्काळ आवडली. ते एका लोंबत्या पारंबीपाशी गेले. ती जमिनीपासून वीतभर उंचीवर थांबली होती. टोकाशी तिचा रंग पिवळसर पांढरा, इतका कोवळा की नख लागले असते, आणि त्या टोकाला बारीक तंतूंची एक झुबकेदार दाढी फुटलेली. शेजारचीच दुसरी मातीत शिरली होती व वीणेच्या तारेसारखी ताठ झाली होती. युनियनवाल्यांनी दोहोंकडे आळीपाळीने पाहिले आणि निर्णय दिला : “ही कंत्राटी. ती कायम. किती वर्षं लटकवलंय बघा बिचारीला! सलग २४० दिवस भरले की टेकवलीच पाहिजे.” आणि त्यांनी ती कोवळी पारंबी खाली ओढायला हात घातला.

“ए! हात नगं लावू!”

एका खोडाला टेकून, पायाशी काठी ठेवून एक वृद्ध गृहस्थ बसलेले होते. ते इतके निश्चल होते की स्टोअरवाल्यांनी, पुढे कबूल केल्याप्रमाणे, त्यांना खोडातच धरले होते. त्यांच्या चार शेळ्या पलीकडे चरत होत्या.

टाइम ऑफिसवाल्यांना हा साक्षीदार म्हणजे पर्वणीच वाटली. त्यांनी पेन उघडून विचारले, “बाबा, या झाडाचं वय काय?”

“लई.”

“लई म्हणजे? दोनशे? चारशे?”

“मह्या आज्यालाबी ठावं नव्हतं.”

“अहो पण अंदाजे?”

म्हाताऱ्याने त्यांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळले. “तुमाला कशाला पायजे? सोयरीक जुळवायचीय का?”

टाइम ऑफिसवाल्यांनी पेन मिटले, पण हट्ट सोडला नाही. झाड कापले की आत कडी असतात, ती मोजली की वय कळते, असे त्यांनी कुठेसे वाचले होते. सरांचा चेहरा उतरला. ते म्हणाले, वडासारख्या आपल्याकडच्या झाडांत वर्षाची कडी नीट उमटत नाहीत, आणि उमटत असती तरी त्याचा परिणाम ऐका. १९६४ साली अमेरिकेतील नेवाडा राज्यात एका संशोधक विद्यार्थ्याला एका ब्रिसलकोन पाइनचे वय काढायचे होते. त्याने वनखात्याकडे रीतसर परवानगी मागितली, खात्याने ती रीतसर दिली, आणि झाड रीतसर पाडण्यात आले. खोडात ४,८६२ कडी निघाली. त्या वेळी ज्ञात असलेल्या झाडांत त्याच्याहून जुने झाड दुसरे नव्हते, ही गोष्ट ते आडवे झाल्यावर समजली.

सर्व जण हळहळले. टाइम ऑफिसवाले थोडा वेळ गप्प राहून म्हणाले, “पण दाखला मिळाला ना?”

कॅलिफोर्नियात ‘मेथुसेला’ नावाचे तसलेच एक अतिवृद्ध झाड अद्याप उभे आहे, आणि ते नेमके कोणते हे तिथले वनखाते लोकांना सांगत नाही, अशीही माहिती सरांनी दिली. इतका शहाणा सरकारी निर्णय माझ्या ऐकण्यात दुसरा नाही. आमच्या मंडळाची माहिती त्यांना कोणी दिली असावी, असे मला राहून राहून वाटते.

दरम्यान क्वालिटीवाल्यांचे काम सुरू झाले होते. त्यांनी सोबत मोजपट्टी तर आणलीच होती, शिवाय निवृत्तीच्या वेळी सहकाऱ्यांनी भेट दिलेले व्हर्नियर कॅलिपर मखमली पेटीसह आणले होते. झाडाचा घेर छातीइतक्या उंचीवर, म्हणजे १.३७ मीटरवर घ्यावा हा नियम त्यांनी पाठ करून ठेवला होता. अडचण एवढीच की पायाखालची जमीन सपाट नव्हती, खोड गोल नव्हते, आणि पट्टी धरायला घेतलेले दोघे जण दोन बाजूंनी फिरत गेले ते परस्परांना भेटण्याऐवजी दोन निराळ्या खोडांभोवती गेले. पहिल्या मोजणीत जो आकडा आला तो दुसऱ्या मोजणीत दीड हाताने घटला. “टॉलरन्सच्या बाहेर आहे,” क्वालिटीवाले खिन्नपणे म्हणाले. मग त्यांनी पाने घेतली. एकाच फांदीवरची दोन पाने व्हर्नियरमध्ये सारखी येत नाहीत असे आढळल्यावर त्यांनी पेटी मिटली, खिशातून लाल पेन काढले, आणि मला वाटते, नाकारल्याचा शिक्का जवळ असता तर त्या दिवशी महाराष्ट्रातील एका थोर वृक्षाला तो बसला असता.

स्टोअरवाले पारंब्या मोजीत होते. पंचवटीत सीतागुंफेजवळच्या पाच वडांना जसे क्रमांक घातले आहेत तसे इथे प्रत्येक खोडाला घालावे, म्हणजे साठा जुळवून पाहता येईल, असे त्यांचे मत होते. ते मोजीत मोजीत आत गेले, आणि दिसेनासे झाले.

त्यांच्या शोधार्थ कार्यवाह गेले, तेही दिसेनासे झाले. मग फोन सुरू झाले. हा संवाद मी स्वतः ऐकला आहे :

“कुठं आहात?”

“झाडाखाली.”

“अहो, मी पण झाडाखालीच आहे.”

“कोणत्या?”

“इथं दुसरं झाड आहे का?”

“मग खूण सांगा काहीतरी.”

“समोर खोड आहे. मागं खोड आहे. वर फांदी आहे.”

“माझ्याही तसंच आहे.”

“मग आपण एकाच ठिकाणी आहोत.”

एवढे बोलून दोघेही निश्चिंतपणे जागच्या जागी उभे राहिले. त्यांना म्हाताऱ्याच्या शेळीने शोधून काढले, असे स्टोअरवाले सांगतात; शेळी त्यांच्या पिशवीतल्या भेळभत्त्याच्या वासाने आली होती, असे इतर सांगतात. पारंब्यांची मोजणी मात्र त्या गडबडीत विसरली गेली आणि मंडळाच्या दप्तरी ‘अगणित’ अशी नोंद झाली. इतकी अचूक नोंद स्टोअरवाल्यांच्या कारकिर्दीत पूर्वी झाली नसावी.

बायकांनी एव्हाना चटया अंथरून भत्ता, लाडू आणि थर्मासमधला चहा काढला होता. त्या झाडाविषयी एक अक्षर बोलत नव्हत्या. नुसत्या बसून वर पाहत होत्या. मी जवळ गेलो तेव्हा सौ. म्हणाल्या, “अहो, ते बघा, हिरवं पाखरू. पानातून पान हललं.” मी पाहिले. मला पान दिसले. सरांनी सांगितले की तो हरियाल, आपल्या राज्याचा पक्षी, वडाच्या लाल फळांवर तुटून पडतो, आणि पानांत असा मिसळतो की शंभर असले तरी डोळ्यांना एक दिसत नाही. मी चष्मा पुसून पुन्हा वर पाहिले. पक्षी दिसला नाही. त्याचे अस्तित्व मात्र सदऱ्याच्या डाव्या खांद्यावर निःसंशय सिद्ध झाले.

तरीही निसर्गाशी तादात्म्य पावण्याचा माझा निर्धार कायम होता. जपानी सरकारने १९८२ पासून अरण्यात स्वस्थ हिंडण्याबसण्याचा आरोग्याचा उपाय म्हणून पुरस्कार केला आहे, असे मी वाचले होते, आणि जे जपानी लोकांना जमते ते एखाद्या लेखापालाला का जमू नये? मी एका रुंद खोडाला पाठ टेकली, डोळे मिटले, श्वास खोल घेतला. पहिल्या मिनिटाला पेट्रोलचा हिशेब आठवला. दुसऱ्या मिनिटाला मिसळीच्या बिलात एक प्लेट जास्त लावली होती हे ध्यानात आले. तिसऱ्या मिनिटाला मुंगळे आले. ते खोडावरच्या त्यांच्या नेहमीच्या रस्त्याने वर चालले होते आणि तो रस्ता माझ्या मानेने अडवला होता; त्यांनी उड्डाणपूल बांधला नाही, सरळ सदऱ्यातून मार्ग काढला. मी जो नाच केला त्याचे चित्रण युनियनवाल्यांच्या फोनमध्ये आहे, आणि ‘ज्येष्ठांचा उत्साह’ या मथळ्याखाली ते आमच्या व्याह्यांपर्यंत पोहोचले आहे.

चहाच्या वेळी सरांना बोलायला थोडी फुरसत मिळाली, कारण बाकीच्यांची तोंडे भरलेली होती. त्यांनी देवरायांची हकीकत सांगितली. सह्याद्रीत आणि कोकणात गावोगाव देवाच्या नावाने राखलेली रानाची तुकडी असते. तिथली वाळकी काटकीदेखील कोणी घरी नेत नाही. गरजेपोटी एखादे झाड हवेच असेल तर आधी देवाला कौल लावतात. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात या देवरायांचा शास्त्रीय अभ्यास केला, आणि आसपासचे डोंगर बोडके झाले तरी जुनी झाडे या तुकड्यांतच कशी टिकली ते जगापुढे मांडले.

“आणि कौल उलटा आला तर?” अध्यक्षांनी विचारले.

“तर झाड तोडत नाहीत.”

“मग अपील कुठं करतात?”

“अपील नसतं.”

अध्यक्षांना ही व्यवस्था अपुरी वाटली. ते म्हाताऱ्याकडे वळले. “काय हो बाबा, इथली फांदी कोणी तोडली तर काय होतं?”

“तोडून बघा की,” म्हातारा शांतपणे म्हणाला आणि त्याने शेळ्यांना हाक दिली. अध्यक्षांनी हातातली काटकी, जी त्यांनी मघाशी दात कोरण्यासाठी मोडली होती, ती कोणाच्या लक्षात येणार नाही अशा बेताने माझ्या पिशवीत सरकवली.

परतण्यापूर्वी समूहछायाचित्र झाले. मंडळाचा आठ फुटी फ्लेक्स दोन पारंब्यांना सुतळीने बांधला. मेंटेनन्सवाल्यांनी हातोडी आणि खिळेही काढले होते, परंतु म्हाताऱ्याची काठी दृष्टिपथात असल्यामुळे ते पुन्हा पिशवीत गेले. छायाचित्रात फ्लेक्स संपूर्ण आला आहे, अध्यक्ष मध्यभागी आले आहेत, सरांचा कान आला आहे. झाड आलेले नाही.

परतीच्या गाडीत, माळेगावची वसाहत येण्याच्या आत, मेंटेनन्सवाल्यांनी ठराव मांडला. एवढा मोठा वृक्ष आणि त्याला साधा पार नाही, ही त्यांच्या मते अवहेलना होती. मंडळाने पुढाकार घेऊन प्रत्येक मोठ्या खोडाभोवती सिमेंटचा पार बांधावा, मधल्या मोकळ्या जागेत पेव्हर ब्लॉक बसवावेत, म्हणजे पालापाचोळा साचणार नाही, वाकलेल्या फांद्यांना लोखंडी टेकू द्यावेत, रात्री रंगीत दिवे सोडावेत, आणि पूर्वेच्या पारावर संगमरवरी शिला बसवून तीवर सर्व सभासदांची नावे खात्यांसह कोरावीत. “मुळांना हवा कुठून मिळेल? पारंब्या टेकणार कुठं?” असे सर म्हणाले, त्यावर पेव्हर ब्लॉकमध्ये फटी ठेवता येतील, असे त्यांना सांगण्यात आले. गावकऱ्यांची संमती हवी, हा मुद्दाही त्यांनी काढला. ती उद्घाटनाच्या वेळी घेता येईल, असे ठरले. मिसळीच्या बिलाच्या पाठीवर अंदाजपत्रक तयार झाले. रक्कम चार लाखांवर गेली. ठराव एका मताच्या विरोधाने संमत झाला, आणि लोकवर्गणीसाठी जाहीर आवाहन लिहिण्याचे काम खजिनदार या नात्याने माझ्याकडे आले.

मंडळाच्या आज्ञेप्रमाणे ते मी करीत आहे. मिसळ, पेट्रोल आणि फ्लेक्स वजा जाता आज मंडळाच्या खात्यात १,४५७ रुपये शिल्लक आहेत, आणि तेवढ्यात एका पारंबीभोवतीही सिमेंट ओतता येत नाही. तरी सर्व वृक्षप्रेमी बंधुभगिनींना हात जोडून कळकळीची विनंती आहे की, कृपा करून कोणीही एक छदामदेखील पाठवू नये.